चारशेची रेघ

चार दिवस माझ्या वडिलांची लघवी मोजायचं काम माझ्याकडे होतं. हे वाक्य मी आजवर कुणाजवळ बोललो नव्हतो, आणि इथे लिहितानाही दोनदा खोडलं. लघवी हा काय आठवणी लिहायचा विषय आहे, असं कुणी म्हणेल. म्हणू द्या. माझं अर्धं आयुष्य त्याच विषयात गेलं.

आमचं घर चंद्रपूरचं, म्हणजे आमच्या तोंडी चांद्याचं. अब्बांचा धंदा मण्यारीचा. मणी, फण्या, आरसे, सुया, रिबिनी आणि काचेच्या बांगड्या अशा मालाच्या दोन पत्र्याच्या पेट्या एसटीच्या टपावर चढवायच्या आणि आलापल्ली, एटापल्ली, भामरागड असे बाजार करत फिरायचं. आठवड्यातून दोन दिवस घरी. त्यांना गोंडी यायची, माडियाही बाजारापुरती यायची, आणि सिरोंच्याकडचं गिऱ्हाईक आलं तर तेलुगूत भावही करता यायचा. घरात मात्र आमची भाषा म्हणजे खिचडी. अम्मी धानाच्या पट्ट्यातल्या एका खेड्यात वाढलेली, आजूबाजूला सगळी कुणब्यांची घरं, त्यामुळे तिची बोली पक्की झाडी. अब्बा तिला चिडवायचे, "तुझा निकाहनामा पण झाडीतच लिहाले पाहिजे होता." अम्मी म्हणायची, "लिहा नं मंग, कोनं अडवलं?"

ते नव्वदीचं दशक होतं आणि मी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होतो. घराण्यात एवढं शिकलेला पहिलाच. त्याची मला केवढी घमेंड होती, ते आता आठवलं की माझीच मला लाज वाटते.

त्या वर्षी श्रावणात अब्बा भामरागडला अडकले. पर्लकोटा नदीच्या पुलावरून पाणी गेलं की भामरागड जगापासून तुटतं, यात नवं काहीच नाही. व्यापारी लोक धरूनच चालतात की चार दिवस तिथंच काढायचे. पण या वेळी तिथं त्यांना थंडी वाजून ताप भरला. नदीच्या पलीकडे, तीन किलोमीटरवर हेमलकशाला दवाखाना. पण मधे नदी. पाच दिवसांनी पाणी उतरलं. नेमका त्या दिवशी ताप नव्हता. हिवतापाची ही जुनीच लबाडी आहे, एक दिवस सोडतो आणि माणसाला वाटतं सुटलो. दवाखाना ओलांडून अब्बा सरळ बसमध्ये बसले. घरी जायचं होतं त्यांना.

वाटेत त्यांची शुद्ध हरपायला लागली. कंडक्टर ओळखीचा होता. त्यानं चांद्याच्या अडीच तास अलीकडे एका तालुक्याच्या गावी बस थांबवली, दोघांच्या मदतीनं त्यांना एका डॉक्टरांच्या छोट्या दवाखान्यात टाकलं आणि आमच्या शेजारच्या एसटीडी बूथवर फोन केला. मी आणि अम्मी पुढच्या गाडीनं पोचलो. गावाचं नाव मी सांगत नाही. तिथल्या कुणाची काहीही चूक नव्हती, आणि तरीही नाव सांगितलं की लोक चूक शोधायला लागतात.

सहा खाटांचा दवाखाना, एक डॉक्टर, एक सिस्टरबाई. डॉक्टर वर्ध्याकडचे, बोलायला मोकळे. अब्बांचं डोकं तोवर ताळ्यावर आलं होतं, पण डोळे हळदीसारखे पिवळे, आणि लघवी कोऱ्या चहाच्या रंगाची. डॉक्टरांनी मला बाहेर व्हरांड्यात नेलं.

"मेंदूचा मलेरिया आहे हा, पण तुमच्या वडिलांच्या मेंदूवर नाही बसला, किडनीवर बसला," ते म्हणाले. "रक्तातल्या तांबड्या पेशी फुटून राह्यल्या, त्याचा सगळा माल किडनीत जाऊन अडकून राह्यला. क्विनाइन चालू केलं आहे, जंतू मरतील. प्रश्न जंतूंचा नाही, किडनीचा आहे."

"मग?"

"चोवीस तासांत चारशे मिली लघवी झाली पाहिजे. चारशेच्या वर असली तर इथंच निभावेल. खाली आली तर नागपूर. डायलिसिस तिथंच होते." त्यांनी एक कागद घेतला, त्यावर 'आत' आणि 'बाहेर' असे दोन रकाने पाडले. आत म्हणजे पोटात आणि शिरेत गेलेलं पाणी, बाहेर म्हणजे लघवी. खाली लाल पेनानं ४०० लिहून त्याच्याखाली रेघ मारली. "तुम्ही शिकलेले आहात, कागद तुम्हीच भरा. सिस्टरला सहा पेशंट आहेत."

मी शिकलेला होतो. कागद मीच भरला.

अम्मीला मी सगळं समजावून सांगितलं. तिनं ऐकलं आणि एकच गोष्ट धरून ठेवली. "नागपूरले नाई नेचं," ती म्हणाली. तिच्या खेड्यातून नागपूरला नेलेली माणसं परत यायची ती कापडात गुंडाळूनच. फार उशिरा नेत असत म्हणून, हे तिला कोण सांगणार. तेव्हापासून ती दर दोन-तीन तासांनी मला एकच विचारायची, "किती झालं रे?" मी आकडा सांगायचो, आणि ती पदराखाली ओंजळ धरून दुआ मागायची.

आता ती गोष्ट सांगायलाच हवी.

अब्बा पाच वेळचे नमाजी. लघवीचा एक थेंब कपड्याला लागला तर त्या कपड्यात नमाज होत नाही, म्हणून दर वेळी पाण्यानं धुऊन पाक, म्हणजे शुद्ध, व्हायचं, हे आमच्याकडे लहान मुलालाही माहीत असतं. जंगलातल्या बाजारातसुद्धा त्यांच्या पेटीत मण्यांच्या डब्यांशेजारी एक तोटीचा लोटा असायचा. दवाखान्यात सिस्टरबाईनं त्यांना पुरुषांसाठी असते ती लघवीची बाटली दिली. त्यांनी ती परत केली. "ह्याच्यात पाक कसं होवाचं बेटा?" त्यांना उठून बसणंही जमत नव्हतं, पण पडल्या पडल्या इशाऱ्यानं नमाज चालू होती. शेवटी बेडपॅन आला. मी पडदा ओढायचो, पॅन खाली सरकवायचो, तोंड दुसरीकडे करायचो, आणि त्यांचं झालं की लोट्यातून पाणी सोडायचो. ते डाव्या हातानं धुऊन घ्यायचे. मग मी पॅन उचलायचो, मोरीत जाऊन मोजायच्या मगात ओतायचो, आणि आकडा कागदावर लिहायचो.

वाचणाऱ्याच्या लक्षात आलं असेल. माझ्या आलं नाही.

पहिल्या चोवीस तासांत चारशे वीस झाली. दुसऱ्या दिवशी पाचशे दहा. डॉक्टर खूश. मी तर रंगसुद्धा सांगितला, "सर, कालच्यापेक्षा खूप फिकी आहे." ते म्हणाले, "वा! म्हणजे किडनी धुवून काढून राह्यली. आता हत्ती गेला, शेपूट राहिलं." लघवी चांगली होते म्हणून सलाइन चालू ठेवलं. लघवीच्या वाटेनं नळी घालायची की नाही असाही विषय निघाला होता. अब्बांनी हात जोडले, आणि आकडे चांगले होते म्हणून डॉक्टरांनी आग्रह धरला नाही. तिथलं रक्तातला युरिया तपासायचं यंत्र बंद होतं. पहिल्या दिवशीचा नमुना चांद्याला पाठवला होता, तो वाढलेला आला, पण घाबरावं एवढा नाही. दुसरा चौथ्या दिवशी पाठवू, असं ठरलं.

अब्बा माझी टिंगल करायचे. "जिंदगीभर म्या रिबिनी मोजल्या, आता पोरगा बापाले मोजून राह्यला." हसताना त्यांना धाप लागायची. पायांवर सूज आली होती. मी त्याही सुजेचा अर्थ आपल्या सोयीनं लावला, की पडून पडून येते.

दुसऱ्या दिवशी दुपारची एक गोष्ट आहे. पॅन मोरीत नेला तेव्हा उजेड नेमका त्याच्यावर पडला, आणि मला दिसलं की तळाशी काळपट दाट काहीतरी बसलं आहे आणि त्यावर निव्वळ पाणी. दोन्ही वेगवेगळं. कॉलेजात दोन वर्षं मी ब्युरेट, म्हणजे मोजायची काचनळी, धुऊन कोरडी करायला शिकलो होतो. एक थेंब पाणी राहिलं तर सरांचा ओरडा खायचो. आणि तिथं उभं राहून मी काय केलं, तर पॅन जरा हलवला. सगळं एकजीव झालं, चांगला फिका रंग आला. मग मगात ओतलं आणि एकशे तीस लिहिलं.

मला तेव्हा कळलं होतं का? हा प्रश्न मी स्वतःला इतक्यांदा विचारला आहे की आता उत्तराची चवच गेली. कळलं होतं असं म्हणवत नाही. पण कळू दिलं नाही, हे खरं. बाहेर अम्मी बसली होती, "किती झालं रे?" म्हणून. मला तिला चांगला आकडा सांगायचा होता.

चौथ्या दिवशी सकाळी मी रक्ताची नळी बर्फाच्या डब्यात घेऊन पहिल्या एसटीनं चांद्याला गेलो. रिपोर्ट हातात पडला तेव्हा आकडा पाहून मला वाटलं, दुसऱ्याच कुणाचा आहे. मी लॅबवाल्याशी भांडलो. त्यानं बिचाऱ्यानं माझ्यासमोर पुन्हा करून दाखवला. तोच आला. दुपारी परतलो तर दवाखान्यासमोर जीप उभी, मागच्या बाकावर गादी टाकलेली, आणि अब्बा आत. त्यांचा श्वास बाहेरूनच ऐकू येत होता, छातीत पाणी भरल्यासारखा घुरघुर वाजत होता. डॉक्टरांनी रिपोर्टकडे नीट पाहिलंही नाही. "निघा," म्हणाले. हातात नागपूरच्या डॉक्टरांसाठी एक बंद पाकीट दिलं. सिस्टरबाईनं खाटेवरचा कागद माझ्याकडे दिला आणि आत निघून गेली.

जीपमध्ये मी तो कागद पाहिला. शेवटची ओळ माझ्या अक्षरात नव्हती. मी नसताना पॅन सिस्टरबाईनं दिला असणार, आणि परक्या बाईसमोर अब्बांनी पाणी मागितलं नसणार. सकाळी सहा ते दुपारी एक. बाहेर: २५.

माझ्या ओळी वर होत्या. शंभर, एकशे तीस, नव्वद, एकशे दहा. खाली लाल रेघ, त्यावर चारशे. मी कागदाची घडी केली, सदऱ्याच्या खिशात घातली आणि वरून हात ठेवला. अम्मीनं अब्बांचं डोकं मांडीवर घेतलं होतं. ती माझ्याकडे बघत होती. तिनं "किती झालं" विचारलं नाही. मला वाटलं, घाबरली आहे म्हणून.

नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात माझ्याच वयाच्या एका डॉक्टरनं पाकीट फोडता फोडता विचारलं, "लघवी केव्हापासून कमी आहे?"

"कालपर्यंत चांगली होती," मी म्हणालो. "आज अचानक बंद झाली."

हे मात्र मी जाणूनबुजून बोललो. आधीच्या सगळ्याला मी चूक म्हणू शकतो. याला नाही. कागद खिशातच राहिला.

एक डायलिसिस झालं. अब्बांना थोडं मोकळं वाटलं, अस्रची, म्हणजे दुपारनंतरच्या नमाजची, वेळ झाली का म्हणून विचारलं, तोंडावरून हात फिरवून इशाऱ्यानं नमाज पढले. दुसऱ्या डायलिसिसची वेळ सकाळची होती. ते त्याआधी पहाटेच गेले. आणि अम्मीनं जे धरून ठेवलं होतं तेच झालं, नागपूरहून माणूस कापडातच आला. घरी आल्यावर तिसऱ्या दिवशी मी तो कागद चुलीत घातला. नीट जळाला, कोपरासुद्धा उरला नाही.

त्यानंतर मी बी.एस्सी. कसंबसं पूर्ण केलं आणि लॅब टेक्निशियनचा कोर्स केला. लोक म्हणाले, पोरगा शहाणा, बापाच्या दुखण्यातून धडा घेतला. मला कुणालाही धडाबिडा द्यायचा नव्हता. मला फक्त मोजायचं होतं, कोरड्या भांड्यात. चांद्याच्या एका लॅबमध्ये काही वर्षं काढली. मग एका मोठ्या शहरातल्या संशोधन संस्थेत टेक्निशियन हवा होता, किडनीच्या प्रयोगांसाठी. जाहिरातीतला तो एक शब्द वाचून मी अर्ज केला.

तिथल्या मुख्य बाई, आम्ही सगळे त्यांना मॅडम म्हणायचो, किडनी अचानक का कोलमडते यावर काम करत होत्या. उंदराच्या किडनीचा रक्तपुरवठा थोडा वेळ चिमटा लावून बंद करायचा, पुन्हा चालू करायचा, आणि मग दुसऱ्या दिवशी किडनीच्या चकत्या करून पाहायच्या. चकत्या करणं, रंगवणं, काचेवर चढवणं हे माझं काम. इतकी वर्षं माझी समजूत होती की किडनी जंतूंनी मरते, किंवा अडकलेल्या मालानं मरते. मॅडमनी पहिल्याच आठवड्यात ती समजूत मोडली.

त्यांनी सांगितलं ते मी माझ्या भाषेत सांगतो. आपल्या शरीराला जन्मतःच काही राखणदार मिळालेले असतात. त्यांना टोल-लाइक रिसेप्टर म्हणतात. ते पेशींच्या अंगावर बसलेले असतात, किडनीच्या बारीक नळ्यांच्या पेशींवरसुद्धा. एखाद्या विशिष्ट जंतूची ओळख त्यांना शिकवावी लागत नाही. जंतूंच्या कवचाचे तुकडे दिसले की ते आरोळी ठोकतात आणि रक्तातल्या लढणाऱ्या पेशी धावून येतात. चांगलं आहे. त्याच्यामुळेच आपण जगतो. पण आपल्याच पेशी फुटल्या आणि त्यांच्या पोटातला माल बाहेर सांडला, तर तो मालही या राखणदारांना शत्रूच वाटतो. पुन्हा आरोळी, पुन्हा फौज. फौज येते ती धड उभ्या असलेल्या नळ्याही तुडवते, त्या फुटतात, त्यांचा माल सांडतो, आणि त्यावर आणखी मोठी आरोळी. मूळ घाव लहान असतो. मोठा घाव हे लोक करतात. मलेरियात तर जंतूंचे तुकडेही असतात आणि फुटलेल्या तांबड्या पेशींचा मालही असतो, म्हणजे दोन्हीकडून गोंगाट. ज्या उंदरांमध्ये असा एखादा राखणदार जन्मतःच नसतो, त्यांची किडनी त्याच चिमट्यानंतर कमी बिघडते. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं, मीच केलेल्या चकत्यांत.

मला किती आनंद झाला, ते कसं सांगू. आनंद हाच शब्द आहे, लपवून काय उपयोग. म्हणजे अब्बांना मी मारलं नव्हतं. त्यांच्याच अंगातल्या राखणदारांनी मारलं होतं. आपलेच दात, आपलेच ओठ. लोट्यातलं पाणी त्यात कुठंच नव्हतं. पुढचे कित्येक महिने मी कामाचे तास संपल्यावर त्या विषयावरचं जे मिळेल ते वाचत बसायचो. मॅडमना वाटलं, या माणसाला विज्ञानाची केवढी ओढ. मी आरोपीसारखा माझी सुटका शोधत होतो.

एके दिवशी धीर करून मी विचारलं, "मॅडम, समजा मलेरियाचा पेशंट आहे. लघवी पहिल्या दिवसापासून बंद आहे, पण कुणाच्या लक्षात चार दिवसांनी आलं. तर त्यानं फरक पडतो का? नुकसान तर आतल्या आतच होऊन गेलेलं असतं ना?"

त्या सूक्ष्मदर्शकातून मान वर न करता म्हणाल्या, "फरक पडतो म्हणजे काय, सगळा फरक तिथंच आहे. ही आरोळी कायमची नसते. आठ-पंधरा दिवसांत सगळं शांत होतं, नळ्यांच्या पेशी पुन्हा उगवतात, बऱ्याच वेळा किडनी पूर्ववत होते. फक्त तेवढे दिवस पेशंट टिकला पाहिजे. पाणी तुंबू द्यायचं नाही, वेळेवर डायलिसिस. ते चार दिवस गेले तर मग..." त्यांनी काच बदलायला सांगितली.

मी काच बदलली. मग बेसिनपाशी जाऊन ती सगळी भांडी घासली जी आधीच घासलेली होती.

त्यानंतर चारेक वर्षांनी, हिवाळ्यात, मी सुटीवर घरी चांद्याला आलो होतो. अम्मी अंगणात उन्हात बसून लाखोळीची भाजी निवडत होती, वाळवायला. मी समोर बसलो होतो. तिनं सहज विचारलं, "तू तिथी दिवसभर करतो तरी काय? उंदरं मारतो म्हने."

मी तिला समजावायला लागलो. धानावर जागलीला बसतो ना माणूस, डुकरं हाकलायला, तसे राखणदार किडनीत असतात. अंधारात खसखस झाली की तो टिन वाजवतो, दगड मारतो. डुक्कर असेल तर ठीक. पण आपलंच वासरू असेल तर? अंधारात त्याला ते दिसत नाही. अब्बांच्या किडनीत तेच झालं.

तिनं भाजीची एक काडी बाजूला टाकली. "मंग थ्या जागल्याचा काय दोष," ती म्हणाली. "त्यानं तं राखाले म्हनून मारलं."

एवढ्या वर्षांत मी ते तोंडातून काढलं नव्हतं, आणि त्या उन्हात, भाजीच्या ढिगासमोर ते निघालं. "अम्मी, अब्बांची लघवी नव्हतीच होत. ते पाणी होतं. मी लोट्यानं टाकायचो ते. तेच मोजून लिहायचो मी."

"मले मालूम हाय."

"कुणी सांगितलं?" मी विचारलं.

"सिस्टरबाईनं तवाच सांगतलं. तू चांद्याले गेला होता रगत घेऊन. तिनं भांडं पाह्यलं अन् मले इचारलं, रोज पानी कोन टाकते म्हून. म्या तिचे पाय धरले. म्हनलं, बाई, पोराले सांगू नोको. डाक्टरलेबी म्हनलं. पोराले समजलं तं थो जगत नाई."

"म्हणजे तुला वाटलं मला माहीत नाही?"

"हो. मले वाटे तुले मालूम नाई."

दहा-बारा वर्षं, आधी एका घरात, एका ताटाला आणि मग दर सुटीत, आम्ही दोघं एकमेकांपासून एकच गोष्ट लपवत होतो. मला रडू आलं. तिला नाही. ती भाजी निवडत राहिली, आणि मग मान खाली घालूनच म्हणाली, "पन खोटं नाई बोलत. लय राग होता मले तुह्या. दोन वर्सं तुह्या हातचं पानी पेलं नाई म्या."

मला आठवलं. त्या दोन वर्षांत ती जेवताना स्वतः उठून माठाकडे जायची. मी उठायला लागलो तर म्हणायची, बस तू. मला वाटायचं, बाप गेलेल्या पोराला जपते आहे.

"मग?" मी विचारलं.

"मंग काय. एक दिवस ताप होता मले. उठवे नाई. तहान लागली, अन् घरात तूच होता."

तो दिवस मला आठवत नाही. खूप आठवून पाहिला, अजूनही पाहतो. मी तिला पाणी दिलं असेल, आणि पेला ठेवायला आत गेलो असेन.